कोणीही राहत नाही

जबाब, दि. २१/०४/२०२५, दुपारी १२.४०

माझे नाव श्रीमती गुरम्मा महेश्वर हत्तुरे, वय ६१ वर्षे, धंदा कडक भाकरी व शेंगा चटणी विकणे, राहणार साखर पेठ, सोलापूर. मी आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. घर माझ्या पतीने स्वतः बांधले. ते गवंडी होते. सहा वर्षांपूर्वी कामावर असताना परांचीवरून पडून मयत झाले. त्या वेळी एका कागदावर मी अंगठा दिला होता. तो मला वाचून दाखवला होता. त्यात ते त्या दिवशी कामावर नव्हते असे लिहिले होते, हे मला पुढे कळले. त्यानंतर भाकरी बांधायच्या रद्दीवरून मी वाचायला शिकले.

शेजारी नागम्मा, वय ७०, राहते. तिचे उजवे अंग लुळे आहे. मुलगा शिवू पुण्यात कामाला असतो. तिला दोन वेळा मी जेवू घालते. आमच्या दोन्ही घरांची मागची भिंत एकच असून तिची खाट त्या भिंतीला लागून आहे.

भिंतीमागे नवीन इमारतीसाठी दोन महिन्यांपासून खड्डा खणत आहेत. दि. ५ रोजी भिंतीला भेग दिसली. भेगेवर खळीने कागदाची पट्टी चिकटवून तारीख टाकायची, पट्टी फाटली तर भिंत सरकते आहे असे समजायचे, ही पतीची पद्धत. पहिली पट्टी आठ दिवसांनी फाटली. दुसरी तीन दिवसांनी. काल सकाळी लावलेली मी संध्याकाळी विक्री करून परत आले तेव्हा फाटलेली होती.

आज १०.३० वाजता मी गल्लीच्या तोंडाशी भाकरी घेऊन बसले असता ठेकेदाराचा माणूस मानसिंग कागद घेऊन आला. म्हणाला, "मावशी, खोदताना नळ तुटलाय न्हवं, टँकर सुरू करतोय. अंगठा द्या." मी वाचून दाखव म्हटले. त्याने दोन दिवसाआड टँकर येईल असे वाचले. कागद माझ्यासमोर होता. मी म्हटले, "टँकर कुठं लिवलाय, तितं बोट ठेव की."

तो हसला. "मावशी, तुमी काय कलेक्टर हाय का?"

त्याने बोट ठेवले नाही. कागदावर लिहिले होते की, आम्ही घरे राजीखुशीने रिकामी करून दिली असून तेथे आता कोणीही राहत नाही. खाली नागम्माचा अंगठा होता. शाई ओली होती.

मी वाचते आहे हे बघून त्याने कागदाची घडी केली. म्हणाला, "वाचता येतं व्हय? मग लई जपून ऱ्हावा. उद्या सकाळी भिंतीकडनं मशीन लागणार हाय." जाताना भाकरी मागितली. मी दिली नाही.

उद्याचे खोदकाम थांबवावे व नागम्माला बाहेर काढावे, एवढेच माझे म्हणणे आहे. गल्लीला पत्रे ठोकल्याने रिक्षा आत येत नाही. ती मला एकटीला उचलत नाही.

हवालदार हा जबाब वाचून दाखवत होते. मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठ्यासाठी आखलेल्या चौकटीत सही केली आहे. एक ओळ राहिली होती, ती सहीखाली माझ्या हाताने लिहिली आहे.

नागम्मा आत्ता घरात आहे.