झिजलेल्या चेहऱ्याची खुर्ची

तुम्ही सगळे आलात. ग्लासगोहून, काही जण पार लंडनहूनही. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. नीला जाऊन आठवडा होतोय आणि मला अजून रडू आलेलं नाही. लोक विचारतात, जेवलात का? मी म्हणतो, जेवलो. खरंच जेवलेलो असतो.

माझी बायको जुनं फर्निचर दुरुस्त करायची, हे तुम्हाला माहीत आहे. मिलेनियमच्या वर्षी आम्ही माझ्या नोकरीसाठी पुण्याहून एडिनबराला आलो. नाव मात्र तिचं झालं. दोनशे वर्षांपूर्वी इथे इजिप्शियन नक्षीची फॅशन होती. कमळं, मगरी, स्फिंक्स. म्हणजे सिंहाचं धड, बाईचं तोंड. तसलं काही मोडलं की नीलाकडे यायचं. मला म्हणायची, "अरे, हे कोरणाऱ्यांनी इजिप्त बघितलंच नव्हतं. नाक बघ, लंडनच्या बाईचं आहे."

गेल्या हिवाळ्यात जुन्या फर्निचरचा एक डीलर आपल्या आईला घेऊन आला. मिसेस मॅकी. सोबत त्यांच्या घरातली खुर्ची, दोन्ही हातांवर स्फिंक्स. एकीचा चेहरा शाबूत. दुसरीला नाक नाही, डोळे नाहीत. मुलगा म्हणाला, नवा चेहरा कोरा, ऑक्शनला टाकायचीय.

नीलाने मिसेस मॅकींना विचारलं, "हा कशाने झिजला?"

त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यामुळे. रेडिओ ऐकताना त्याचा अंगठा तिथेच फिरायचा."

"तुम्हाला विकायचीय का?"

त्या मुलाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाही."

नीलाचं निम्मं काम त्या मुलाकडून यायचं. तरी ती म्हणाली, "पाय डुगडुगतोय, तो बसवून देते. चेहऱ्याला हात लावणार नाही."

त्याच्याकडून येणारं काम बंद झालं. नीला लोकांच्या किचनमधल्या कपाटांची दारं रंगवायला घासत बसली. मी म्हटलं, कोरून टाकायचास ना. ती म्हणाली, "आणि मग त्यांनी हात कुठे ठेवायचा?"

खुर्ची मिसेस मॅकींच्या घरीच आहे. त्या मागे बसल्यात. मराठी कळत नाही, तरी आल्यात.

वर्कशॉप मी अजून उघडलेलं नाही. तुमच्या वस्तू आत असतील तर सांगा. उघडेन.

समोर तिचा फोटो आहे. बायकोच्या फोटोला नमस्कार कसा करतात, मला माहीत नाही. तुम्ही आधी करा, मी बघून करेन. तोवर कुणी काही बोलू नका.