गोदामातली एकशे चौदा पाकिटं

काव्या : ...एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा. मोजून झाली, अप्पा. जिवाणू खताची एकशे चौदा पाकिटं. त्यातली आठ पाकिटं उंदरांनी फोडलीत. धड एकशे सहा. सगळी एकाच लॉटची. उत्पादन जानेवारी, मुदत डिसेंबर.

संगप्पा : बरं झालं. गोदामाला कुलूप घाल आणि हितं काउंटरवर बस. मी पंचायतीत जाऊन येतो.

काव्या : बसत नाही. आधी ती फ्रेम काढून द्या.

संगप्पा : कुठली फ्रेम?

काव्या : तुमच्या डोक्यावरची. माझी डिग्री. वीस तारखेला पुण्यात मूळ प्रत दाखवायची आहे. नाही दाखवली तर एमएस्सीची जागा जाईल.

संगप्पा : झेरॉक्स दाखव की.

काव्या : झेरॉक्स चालत नाही.

संगप्पा : मग मला बी चालत न्हाई. साहेब तपासणीला आला की आधी भिंतीकडं बघतोय, मग माझ्याकडं. फवारणीच्या औषधाचं लायसन तुझ्या डिग्रीवर हाय. जिचं नाव कागदावर ती दुकानात पाहिजे. मंद्रूपात पाच दुकानं हायत, पण घरच्या पोरीच्या डिग्रीवर चालणारं हे एकच. तुला काय गंमत म्हणून ते जिवाणूंचं मायक्रो शिकवलो व्हय मी?

काव्या : नाही. लायसनसाठी शिकवलंत. फक्त मला ते दुसऱ्या वर्षी कळलं. तुम्ही कॉलेजात महेश्वरी मॅडमना भेटायला आलात. मला वाटलं, अभ्यास कसा चाललाय ते विचाराल. तुम्ही विचारलंत, ‘हिच्या डिग्रीवर औषध विकता येतं न्हवं?’

संगप्पा : त्यात काय चुकलं? विचारूनच घ्यावं माणसानं.

काव्या : मी दारात उभी होते.

संगप्पा : मग ऐकलीस ते बरं झालं. आता सोंग करू नको. वर्षभर बसलीस की हितं. काय कमी पडलं? पंखा हाय, खुर्ची हाय, पाटीवर तुझं नाव हाय.

काव्या : नाव आहे म्हणूनच बोलतेय. गेल्या वर्षी बाजारादिवशी सिद्रामकाका आपलंच जिवाणू खत लावलेली तुरीची झाडं घेऊन आले होते, आठवतं? भर गर्दीत काउंटरवर आपटली त्यांनी. तुम्ही म्हणालात, रान खराब आहे. ते गेल्यावर मी ती झाडं घरी नेली. दहा झाडं होती. दहांच्या मुळांवर मिळून गाठी तीन.

संगप्पा : रानच खराब हाय त्याचं.

काव्या : असेलही. दहा झाडांवरून नक्की सांगता येत नाही.

संगप्पा : हां! बघ, स्वतःच्या तोंडानं बोललीस!

काव्या : बोलले. जे सांगता येत नाही ते नाही सांगत मी. म्हणून तर पाकिटं मोजायला घेतली. हे घ्या, पाठीमागं काय छापलंय वाचा.

संगप्पा : चष्मा न्हाई.

काव्या : खिशात आहे.

संगप्पा : ...‘थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ कोरडी हाय की जागा!

काव्या : आणि थंड? मे महिन्यात रोज दुपारी तीनला गोदामात थर्मामीटर बघत होते. सगळ्यांत कमी एकेचाळीस. सगळ्यांत जास्त सत्तेचाळीस. ही युरियाची पोती नाहीत, अप्पा. आत जिवंत जिवाणू असतात. ते तुरीच्या मुळात शिरतात, तिथं गाठ धरते, आणि हवेतला नत्र ते झाडाला देतात.

संगप्पा : मला नको शिकवू. बावीस वर्षं विकतोय मी.

काव्या : बावीस वर्षांत एक गाठ कापून बघितलीत?

संगप्पा : कशाला बघू? भजी करायचीत काय तिची?

काव्या : चांगली गाठ आतून गुलाबी असते. आपल्या रक्तात असतं तसलंच तांबडं द्रव्य असतं तिच्यात. पहिल्यांदा कापली तेव्हा मला वाटलं माझंच बोट कापलं. मॅडमना जाऊन बोट दाखवलं मी! झाडाच्या मुळात रक्तासारखं काही असतं, हे कळल्यावर रात्रभर... जाऊ दे. सिद्रामकाकांच्या त्या तीन गाठी मी कापल्या. तिन्ही आतून पांढऱ्या. मला ते पुरतं शिकायचं आहे. खुर्चीवर बसून कीटकनाशकाच्या बाटल्या पुसायला नाही शिकले मी.

संगप्पा : लई शानी झालीस. माझा माल मेलेला हाय म्हणायलीस तू. माझ्या दुकानात उभं राहून!

काव्या : मोजल्याशिवाय म्हणत नाही. मोजू द्या.

संगप्पा : व्हय, तू मोजणार, तूच लिहिणार. कॉलेजात जाऊन काय पण आकडा आणशील. तुला पुण्याला जायचंय न्हवं.

महानंदा : काय चाललंय दोघांचं? रस्त्यापर्यंत आवाज येतोय. डबा आणला, जेवा आधी.

संगप्पा : ये, महानंदा, तू बी ऐक. तुझी लेक म्हणती, आपण मेलेला माल विकतो.

महानंदा : माझी लेक? चांगले मार्क आणती तेव्हा तुमची असती की.

काव्या : अव्वा, फेब्रुवारीत याच लॉटचं एक पाकीट मी फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आहे अजून?

महानंदा : दह्यामागं हाय. तुझ्या अप्पांनी दोनदा फेकाय काढलं, मी परत ठेवलं.

काव्या : मग एक पाकीट फ्रिजमधलं, एक गोदामातलं. लॉट एक, तारीख एक. दोन्ही सोलापूरला मॅडमच्या लॅबमध्ये मोजते.

संगप्पा : थांब. कुठलं पाकीट कुठलं हे तुला कळलं तर तू गोदामातलं मारणार. मी बी व्यापारी हाय. पाकिटातनं काढून साध्या डब्यांत भरायचं. वर नाव न्हाई, गाव न्हाई. नुसत्या खुणा.

काव्या : भरा.

संगप्पा : आणि तिसरी डबी. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, बारीक कुटून. दिसायला पाकिटातल्या खतासारखाच काळा. त्यात जिवंत काय सापडलं म्हणालीस की पकडलोच तुला!

काव्या : ...हे तुम्हाला कुणी सांगितलं?

संगप्पा : कुणी सांगाय कशाला पाहिजे? खोटं बोलणाऱ्याला पकडायचं तर खोटाच माल घालून बघायचा.

काव्या : आमच्याकडं यावर अख्खा धडा आहे. पण मग डब्या तुम्ही भरायच्या नाहीत. तुम्हालाही कळता कामा नये.

संगप्पा : मला का?

काव्या : तुम्हाला ठाऊक असलं तर तुमच्या तोंडावर दिसेल. आणि मी तुमचं तोंड बघतेच.

संगप्पा : बघितलीस? बापाला चोर म्हणायली!

काव्या : तुम्ही मला आधी म्हणालात.

महानंदा : साकु! बास करा दोघं. मी भरते. विभूतीच्या रिकाम्या डब्या हायत माझ्याकडं.

काव्या : उकळून, वाळवून घे अव्वा. कोळसा तव्यावर लाल होईपर्यंत भाज. प्रत्येक वेळी चमचा जाळावर धर.

महानंदा : स्वयंपाक मला शिकवू नको. ठिपके काढते वर, एक, दोन, तीन. कुठल्यात काय ते चिठ्ठीवर लिहून बसवण्णांच्या फोटोमागं ठेवते. कुणी हात लावला तर जेवण बंद.

संगप्पा : आता नीट ऐक. पाकिटावर छापलंय, एका ग्रॅमला कमीत कमी पाच कोटी जिवाणू. गोदामातल्या डबीत पाच कोटी निघाले, तर पुणं विसरायचं. पुन्हा तोंड उघडायचं न्हाई.

काव्या : आणि कमी निघाले तर?

संगप्पा : निघत न्हाईत.

काव्या : कमी निघाले तर फ्रेम माझी. आणि पेरणीच्या आधी ही एकशे सहा पाकिटं गोदामातून बाहेर. एकही विकायचं नाही. माझ्या नावाच्या पाटीखाली तर नाहीच.

संगप्पा : फ्रेम गेली तर औषधाचं लायसन कोण बघणार? तुझा आजा?

काव्या : तुम्ही. दुकानदारांसाठी वर्षाचा कोर्स असतो. दर रविवारी वर्ग. शेवटी परीक्षा.

संगप्पा : बावन्नाव्या वर्षी मी परीक्षा देऊ?

काव्या : मी तीन वर्षांत बत्तीस पेपर दिले. त्यातला एकही कशासाठी आहे हे तुम्ही विचारलं नाहीत.

महानंदा : भात गार होतोय.

(सहा दिवसांनी, दुपारी. दुकानाचं शटर अर्धं खाली. काउंटरवर विभूतीच्या तीन डब्या, एक वही आणि घडी घातलेली चिठ्ठी.)

संगप्पा : सांग. लवकर सांग, गिऱ्हाईक थांबलंय बाहेर.

काव्या : थांबू दे. आधी मोजलं कसं ते ऐका, नाहीतर नंतर म्हणाल, पोरीनं हवेतनं आकडा काढला. प्रत्येक डबीतला एक ग्रॅम पाण्यात मिसळला, मग ते पाणी दहा-दहा पटीनं पातळ करत नेलं. दर टप्प्याचं थोडं थोडं पाणी तीन-तीन प्लेटांवर पसरलं. चार दिवस तीस डिग्रीला ठेवलं. एक जिवंत जिवाणू जिथं पडतो तिथं त्याची वस्ती वाढते, पांढरा चिकट ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे आणि जेवढं पातळ केलं तेवढ्या पटीनं गुणायचं.

संगप्पा : झालं कीर्तन? आकडा.

काव्या : एका ठिपक्याची डबी. शून्य. सगळ्या प्लेटा कोऱ्या.

महानंदा : चिठ्ठीत... एक ठिपका, कोळसा.

संगप्पा : ...तेवढं बरोबर आलं तिचं. पुढं.

काव्या : दोन ठिपक्यांची डबी. एका ग्रॅमला सहा कोटी वीस लाख.

संगप्पा : सहा कोटी! पाच पाहिजेत, सहा हायत! आं? कोण मेलेलं म्हणालं होतं? पुण्याची बॅग ठेव आत. महानंदा, वाच, वाच मोठ्यानं.

महानंदा : दोन ठिपके, फ्रिज.

संगप्पा : नीट वाच.

महानंदा : माझंच अक्षर हाय. फ्रिज.

संगप्पा : तू बदललीस. डब्या बदललीस तू! मायलेकी मिळून माझा धंदा...

महानंदा : बदललं असतं तर तुमी म्हणालता तसं बदललं असतं.

काव्या : काय म्हणाले होते?

संगप्पा : काय न्हाई. गप बस.

महानंदा : सोमवारी हिनं डब्या न्यायच्या आधी स्वयंपाकघरात आले. म्हणाले, गोदामाच्या डबीत बी फ्रिजमधलंच भर. दोन्हींत तेच भर, कुणाला कळतंय.

काव्या : अप्पा.

संगप्पा : मग? बाविसाची पस्तीस वर्षं करायचीत मला या दुकानात. तू जाशील पुण्याला. हितं रोज लोकांना तोंड मला दाखवायचंय!

महानंदा : आणि मला? सिद्रामची नागूबाई गिरणीत रोज माझ्या शेजारी बसती. वर्ष झालं, तुरीचं नाव काढत न्हाई ती. नुसतं पीठ सावरती आणि उठती. तिनं एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणून न्हाई भरलं मी.

संगप्पा : ...आपल्याच घरात दोन दोन साहेब तपासणीला.

काव्या : तिसरा आकडा सांगू?

संगप्पा : थांब. सांगू नको.

काव्या : शर्त होती, अप्पा.

संगप्पा : सांगू नको म्हणालो की! तू आकडा सांगितल्यावर फ्रेम काढली तर म्हणशील, बाप आकड्याला भ्याला. स्टूल कुठाय? महानंदा, स्टूल धर.

महानंदा : धरलंय. हळू.

संगप्पा : खिळा गंजलाय. वर्षात गंजला. ...घे. काच सांभाळ. फ्रेम हितंच ठेव, कागद तेवढा ने. फ्रेम माझी हाय.

काव्या : कागदच पाहिजे मला.

संगप्पा : आणि सुट्टीला आलीस तर दुकानात पाय ठेवायचा न्हाई. मोजायला तर अजिबात न्हाई.

काव्या : नाही ठेवणार.

संगप्पा : त्या रविवारच्या कोर्सात हे मोजायला शिकवतेत काय?

काव्या : मोजायला नाही. पाकिटामागचं वाचायला शिकवतात.

संगप्पा : जीभ बघ कशी चालती. तुझ्यावर गेली, महानंदा.

महानंदा : माझ्यावर गेली असती तर बावीस वर्षांमागं चालली असती.

संगप्पा : गप. ...हां, आता सांग. वाच तू, चिठ्ठी.

महानंदा : तीन ठिपके, गोदाम.

संगप्पा : किती?

काव्या : एका ग्रॅमला चारशे.