सरांची शेवटची ओळ

बसच्या रांगेत माझ्यापुढे एकाच ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या.

“ताई, सरांचं फोल्डर अजून उघडत नाही. परवानगी नाही म्हणतंय.”

“अगं, रिटायर होताना त्यांनीच तुला ते फोल्डर बघू शकणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घातलंय. एकदा लॉगआउट करून परत लॉगिन कर, लगेच उघडेल.”

“तेच तर मी करत नाहीये. रात्रीसुद्धा मशीन चालूच ठेवते.”

“महिना झाला की! का गं?”

“रोज एक वाजता ते त्यांच्या जागेवरून माझ्या स्क्रीनवर मेसेज टाकायचे, ‘जेवून घे बाई, काम कुठं पळून जात नाहीये.’ शेवटच्या दिवसाचा अजून तिथंच आहे. ते मेसेज कुठं साठत नाहीत, लॉगआउट केलं की जाणार.”

“मग फोटो काढून ठेव ना, वेडाबाई!”

“काढलाय. पण फोटोत त्याच्याखालचा कर्सर लुकलुकत नाही.”