तळ्याच्या पाण्याचा थेंब

देवाचा विषय काढलात म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हुबळीत आमचं लुगड्यांचं दुकान होतं. माझे थोरले भाऊ, अण्णा, ते चालवत. विज्ञान शिकवणारे गोविंद मास्तर सुट्टीच्या दुपारी तिथं वाद घालायला येत.

अण्णा म्हणायचे, "एवढं जग आहे, म्हणजे ते करणारा असणारच."

"मग त्याला कुणी केलं?" मास्तर विचारायचे.

एकदा मास्तर सूक्ष्मदर्शकच घेऊन आले. "सगळं आपोआप चालतं, बघा," म्हणत त्यांनी काचेवर उणकल तळ्याच्या पाण्याचा थेंब ठेवला.

अण्णांनी डोळा लावला. थेंबात पारदर्शक जीव पोहत होते, प्रत्येकाच्या कडेला बारीक केसांची झालर हलत होती. अण्णांनी डोळा काढून मास्तरांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, आमचा विणकर लुगड्याच्या उलट्या बाजूचे धागे तसेच सोडतो, कारण ती कुणी बघत नाही. इथं तर बघणारंच कुणी नव्हतं. तरी किती निगुतीनं केलंय."

मास्तर सूक्ष्मदर्शकाकडे वळले. "देव आहे असं मी अजूनही म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण जरा सरका, मला पुन्हा बघू द्या."