दांडा उचलला की उजवीकडे

“मावशी, तुम्ही पिठाच्या डब्यात पडलात का?”

माझ्या वर्गातल्या अक्षयाने पैज लावली, म्हणून मालगुंडच्या एसटीच्या रांगेत पुढच्या पांढऱ्याफटक मावशींना मी खरंच विचारलं. त्या हसल्या.

“पीठ नाय गो बाय, दगडाचा चिखल सुकलाय. फरशी पॉलिश करायच्या वर्गाला जाते मी.”

“आणि आज मशीनने हिला भिंतीवर नेऊन आपटलं, ते पण सांग!” शेजारी उभी असलेली त्यांची जाऊ म्हणाली.

“दांडा ओढत बसले ना मी. ओढायचा नसतो. जरासा उचलला की मशीन उजवीकडे जातं, दाबला की डावीकडे.”

“मैना, पुरे आता. वर्गातले सगळे पुरुष हसले. भाऊजी पण नको म्हणतात.”

“म्हणूंदेत. मशीन त्यांना कुठे धरायचंय?”

“हात मोडला म्हणजे?”

“भाकऱ्या तू थापशील.”

“चेष्टा नको गो. उद्या परत आपटलीस तर?”

“तर परवा जाईन.”

गाडी आली. घरी पोचल्यावर दप्तरही न उतरवता मी म्हणाले, “आई, बाबा, दहावी झाली की मी फरशी पॉलिश शिकणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय.”