तुही लेक सुखी हाये

पहाटे साडेपाचची गाडी सिंदी सोडून नुकतीच गेली होती, बायांनो, तेव्हाचं हे. माझी मुलगी तिसरं सरलं तरी बोलत नव्हती. तिला मांडीवर घेऊन मी कादंबरी मोठ्यानं वाचायची, तर सासूबाई म्हणायच्या, "सारे शब्द तूच खर्चून राह्यली. पोरीले काय उरन?" भिऊन मी पुस्तक पेटीत टाकलं.

जात्यावर ओवीचा पहिला चरण त्या म्हणत, दुसरा मी. त्या पहाटे मुलगी माझ्या मांडीवर होती. सासूबाई म्हणाल्या, "रानवाऱ्या, माहेरी जाय, सांग माझ्या माये..."

मला आई आठवली, माझा चरण राहून गेला. मांडीवरून आवाज आला, "लेक सुखी हाये."

जातं थांबलं.

"ते पुस्तक काढ," सासूबाई हळूच म्हणाल्या.

माझ्या माहेरी, रोहण्याला कोणी जात असेल, तर माझ्या आईला सांगा, नात बोलली.