कुणाकडचं रक्त

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर शिंपी आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर पांढरंफटक बाळ.

“आमच्या घराण्यात असलं काही नाही बाई. हे तुझ्याच माहेरचं.”

“आई, डॉक्टर म्हणाले, रक्तातला दोष आई-बाप दोघांकडून आला तरच बाळाला एवढा त्रास होतो.”

“माझा लेक चांगला धडधाकट आहे!”

“मीही धडधाकटच आहे की.”

सासूने बाळाच्या फिकट गालावरून बोट फिरवलं.

“माझा धाकटा भाऊ असाच पांढरा पडायचा. अशक्तपणा म्हणून आम्ही टॉनिक पाजत राहिलो.”

“मग?”

“शाळेत जायच्या आधीच गेला.”

शिंप्याचा नंबर पुकारला. तो उठणार, तोच सासू बाही वर सारत उभी राहिली.

“दादा, तुमच्याआधी मी जाऊ?”